दिवसा पेजमेकर, रात्री गेम : दोन्हींसाठी एकच मॉनिटर कोणता घ्यावा?

सांगलीची_अक्षरजुळणी

नमस्कार. मी घरूनच मराठी पुस्तकांच्या अक्षरजुळणीचे आणि पानांच्या मांडणीचे काम करते. दिवसभर पेजमेकर हा पानमांडणीचा प्रोग्रॅम आणि श्रीलिपी हे मराठी टंकांचे सॉफ्टवेअर, क्वचित इनडिझाइन (पेजमेकरचा नवा पर्याय), आणि रात्री जेवणे आटोपली की तास-दीड तास गेम, असा माझ्या संगणकाचा वापर आहे. गेममध्ये मी स्वतः प्रामुख्याने ‘एल्डन रिंग’ खेळते; धाकटा भाऊ सुट्टीत आला की त्याचे ‘व्हॅलोरंट’ सुरू होते.

सध्याचा मॉनिटर साडेअठरा इंची, १३६६ × ७६८ रेझोल्यूशनचा असून त्याची एक कड आता मंद दिसू लागली आहे. संगणकात एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०६० (१२ जीबी) हे ग्राफिक्स कार्ड आहे. टेबलाची खोली जेमतेम दोन फूट आहे, माझ्या पाठीमागे खिडकी आहे आणि खर्चाची मर्यादा २५ हजार रुपये आहे.

येथील एका दुकानदाराने ३२ इंची, वक्र, १९२० × १०८० रेझोल्यूशनचा, १६५ हर्ट्झचा (सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारा), व्हीए प्रकारचे पॅनेल असलेला मॉनिटर सुचवला आहे आणि ‘ताई, एवढ्या पैशात याहून मोठा मिळणार नाही’ असे त्यांचे म्हणणे आहे. खोक्यावर ‘१ मिलिसेकंद’ आणि ‘एचडीआर’ (प्रखर-गडद छटा अधिक दाखवण्याची सोय) असेही छापलेले आहे. माझ्या दोन्ही कामांना तो योग्य ठरेल का, की दुसरे काही पाहावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

खिळेजुळारी

ताई, आपला व्यवसाय एकच असल्यामुळे आधी कामाच्या बाजूने लिहितो; गेमविषयी इथे माझ्याहून अधिक जाणणारे आहेत.

दुकानदार म्हणतात तो मॉनिटर घेऊ नका. ३२ इंचांच्या पडद्यावर १९२० × १०८० पिक्सेल पसरले, की दर इंचाला फक्त ७० पिक्सेल उरतात. तुमच्या आजच्या जुन्या पडद्यावर दर इंचाला साधारण ८५ आहेत. म्हणजे २५ हजार मोजून अक्षरे आजच्यापेक्षा भरड दिसणार, आणि तीही दोन फुटांवरून. इंग्रजी मजकुरात हे कदाचित खपून जाईल. देवनागरीत मात्र शिरोरेघेच्या वर आणि अक्षराच्या पायाशी दोन्हीकडे गर्दी असते. १२ पॉइंटांचा मजकूर शंभर टक्क्यांवर पाहिला तर एका ओळीच्या वाट्याला उभे सोळाच पिक्सेल येतात, आणि त्या सोळांत वेलांटी, रफार, उकार सगळेच बसवायचे असते. ‘सर्वांत’ हा शब्द अशा पडद्यावर लिहून पाहा : रफार आणि अनुस्वार एकमेकांना चिकटतात आणि अनुस्वार पडला आहे की नाही हे पाहण्यासाठी दर वेळी पान मोठे करावे लागते. मुद्रिते तपासणाऱ्याला हा रोजचा जाच होतो.

दुसरी गोष्ट पानाच्या मापाची. ए-४ कागदाची उंची २९७ मिलिमीटर असते. २४ इंची म्हणून जे मॉनिटर विकले जातात ते बहुतेक २३.८ इंचांचे असतात आणि त्यांच्या दृश्य भागाची उंची २९६ मिलिमीटरच्या आसपास भरते. म्हणजे मेनूच्या पट्ट्या वगळायच्या आधीच पान खऱ्या आकारात मावत नाही. २७ इंचीत हीच उंची ३३६ आणि रुंदी जवळजवळ ५९८ मिलिमीटर असते, त्यामुळे ए-४ची दोन पाने शेजारीशेजारी ठेवून बाजूला पॅलेटनाही जागा राहते. डेमी आकाराच्या पुस्तकाची समोरासमोरची पाने तर ऐसपैस बसतात.

म्हणून माझे मत : २७ इंची, २५६० × १४४० रेझोल्यूशनचा आयपीएस पॅनेल (व्हीएप्रमाणेच एलसीडी पॅनेलचा एक प्रकार). दर इंचाला सुमारे १०९ पिक्सेल मिळतात आणि आपल्या मर्यादेत १६५ किंवा १८० हर्ट्झचे मॉडेलही बसते. याच आकारात १९२० × १०८० रेझोल्यूशनचेही मॉनिटर विकले जातात. त्यांची घनता ८२ वर येते, तेव्हा खोक्यावर केवळ ‘२७ इंच’ वाचून फसू नका.

फ्रेम_मोजणारा

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. गेमच्या बाजूने काही गोष्टींची भर घालतो.

‘एल्डन रिंग’ संगणकावर सेकंदाला ६० फ्रेमच्या वर जातच नाही. तशी मर्यादा त्या गेममध्येच घातलेली आहे. त्यामुळे तुमच्या स्वतःच्या खेळासाठी १६५ आणि २४० हर्ट्झमधला फरक जवळजवळ बिनकामाचा आहे. भावाच्या ‘व्हॅलोरंट’ची गोष्ट वेगळी : तो हलका गेम आहे, तुमचे कार्ड १४४० रेझोल्यूशनलाही त्यात भरपूर फ्रेम देईल आणि तिथे जास्त हर्ट्झ डोळ्यांना लगेच जाणवतात. ६० हर्ट्झला एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकते, १४४ हर्ट्झला ६.९ आणि २४० हर्ट्झला ४.२. पहिल्या पायरीवर जवळजवळ दहा मिलिसेकंदांची बचत होते, दुसऱ्या पायरीवर तीनचीसुद्धा नाही. जास्तीचे पैसे कुठवर मोजायचे, हे यावरून ठरवता येईल.

आता ‘१ मिलिसेकंदा’विषयी. हा पिक्सेलला रंग बदलायला लागणारा वेळ, आणि तो आकडा बहुधा दोन प्रकारे मिळवलेला असतो. एक तर पिक्सेलवरचा ओव्हरड्राइव्ह (रंग लवकर बदलावा म्हणून दिलेला जादा जोर) कमाल पातळीला नेऊन, ज्यात हलत्या वस्तूच्या मागे उलट्या रंगाची फिकट सावली दिसू लागते. किंवा बॅकलाइटची उघडझाप करून, ज्यात पडदा अंधारतो. रोजच्या वापरात यांतले काहीच कोणी चालू ठेवत नाही. ओव्हरड्राइव्ह मधल्या पातळीला ठेवावा आणि तो आकडा विसरून जावा.

व्हीए पॅनेलचा काळा रंग आयपीएसपेक्षा नक्कीच गडद असतो. आयपीएसचे कॉन्ट्रास्ट साधारण एक हजारास एक, तर व्हीएचे तीन हजारास एक किंवा त्याहून अधिक. अंधाऱ्या खोलीत चित्रपट पाहणाऱ्याला मी व्हीएच सुचवेन. मात्र स्वस्त व्हीए पॅनेलमध्ये काळ्यातून गडद करड्यात जायला पिक्सेलला वीस मिलिसेकंदांहूनही अधिक वेळ लागू शकतो, आणि ‘एल्डन रिंग’मधली भुयारे नेमकी याच छटांची आहेत. कॅमेरा वळवला की भिंतींमागे काजळ फासल्यासारखा पट्टा ओढला जातो. तुमच्या खोलीत दिवसा खिडकीचा उजेड असल्याने त्या गडद काळ्याचा फायदाही पुरता पदरात पडणार नाही.

एचडीआरकडे दुर्लक्ष करा. या किमतीत बहुधा ‘डिस्प्लेएचडीआर ४००’च मिळते. त्यासाठी कमाल प्रकाशमान ४०० निट लागते. पडद्याचे भाग वेगवेगळे मंद-प्रखर करण्याची सोय त्यात बंधनकारक नाही. ती सोय नसेल तर एचडीआर चालू केल्यावर चित्र बहुधा फिकटच वाटते.

अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक (कार्डाच्या फ्रेमशी पडद्याचा वेग जुळवून घेणारी सोय) मात्र असलेच पाहिजे. खोक्यावर ‘फ्रीसिंक’ हे या सोयीचे प्रतिस्पर्धी एएमडी कंपनीचे नाव लिहिले आहे म्हणून एनव्हिडियाचे कार्ड असणाऱ्यांनी कचरण्याचे कारण नाही. जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियाची कार्डेही डिस्प्लेपोर्टवरून असे मॉनिटर चालवतात.

चार_के_समर्थक

मला थोडे वेगळे सुचवायचे आहे. प्रश्नकर्त्या ताईंचा बहुतेक वेळ अक्षरे वाचण्यात जातो आणि त्यांचा आवडता गेम ६० फ्रेमवर थांबतो. मग २७ इंची, ३८४० × २१६० (४-के) रेझोल्यूशनचा, ६० हर्ट्झचा आयपीएस मॉनिटर का नको? दर इंचाला १६३ पिक्सेल मिळतात. विंडोजमध्ये १५० टक्के स्केलिंग (मजकूर आणि चिन्हे मोठी दाखवण्याची सोय) ठेवले की जागा २५६० × १४४० इतकीच मिळते, पण प्रत्येक अक्षर सव्वादोनपट पिक्सेलांनी रेखले जाते. एकदा असा पडदा वापरल्यावर जोडाक्षरांसाठी पान मोठे करण्याची सवय मोडते, हे अनुभवाने सांगतो. गेमचे ओझे कार्डाला झेपले नाही तर १९२० × १०८० ला खेळावे. ते या पडद्याच्या बरोबर निम्मे असल्याने इंटिजर स्केलिंगमध्ये एका पिक्सेलचे चार होतात आणि चित्र पुसट होत नाही. २५ हजारांच्या आसपास अशी मॉडेल मिळतात.

खिळेजुळारी

@चार_के_समर्थक, इनडिझाइन किंवा वर्ड वापरणाऱ्यासाठी तुमचा सल्ला मी डोळे झाकून मान्य केला असता. अडचण पेजमेकरची आहे. त्याची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, ही २००१ सालची. स्केलिंग म्हणजे काय हे तिला ठाऊकच नाही. विंडोज अशा प्रोग्रॅमची खिडकी आधी जुन्या मापाने रंगवते आणि मग ते चित्र दीडपट ताणून पडद्यावर आणते. परिणामी पडदा ४-केचा असूनही अक्षरे धुरकट दिसतात. प्रोग्रॅमच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटीखाली जाऊन हे ताणणे बंद करता येते, पण मग मेनू आणि टूलबॉक्स मुंगीएवढे होतात. जिल्ह्याच्या ठिकाणची बरीच छपाई अजूनही पेजमेकरच्या फाइलींवर चालते, त्यामुळे ‘इनडिझाइनवर या’ असे म्हणणे सोपे असले तरी समोरच्या मुद्रकाला तीच जुनी फाइल हवी असते. २७ इंची १४४० पडदा शंभर टक्के स्केलिंगवर चालतो आणि पेजमेकर त्यावर निखळ दिसतो, हे माझ्या आग्रहामागचे खरे कारण आहे.

एक सूचना : विंडोज अजूनही दर इंचाला ९६ पिक्सेल गृहीत धरते. १०९ घनतेच्या पडद्यावर पेजमेकरचे ‘ॲक्चुअल साइज’ त्यामुळे खऱ्या कागदापेक्षा साधारण बारा टक्के लहान दिसेल. झूम ११३ टक्क्यांवर ठेवून पडद्याला पट्टी लावून पाहा, माप जुळेल.

सांगलीची_अक्षरजुळणी

सर्वांचे मनापासून आभार. पेजमेकरचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नसता. २७ इंची, १४४० चा आयपीएस घ्यावा असे आता ठरत आले आहे. आणखी दोन शंका आहेत. पहिली, एका ओळखीच्यांनी ‘थोडे पैसे वाढवून ओएलईडीच घ्या, वीस वर्षे पाहायला नको’ असे सुचवले आहे. ते कितपत खरे? आणि दुसरी, मॉनिटर घरी आल्यावर नेमके काय काय तपासून घ्यावे?

दुरुस्तीवाला

ओएलईडी (प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळणारे पॅनेल) तुमच्या रकमेच्या दुपटीच्या घरात जाते, म्हणजे ‘थोडे’ हा शब्दच लागू पडत नाही. किंमत बाजूला ठेवली तरी तुमच्या कामाला ते गैरसोयीचे आहे. पेजमेकरचा टूलबॉक्स आणि मोजपट्ट्या दिवसभर एकाच जागी उजळ राहणार, आणि ओएलईडीत अशा न हलणाऱ्या चित्राचा कायमचा डाग राहण्याची भीती असते. वीस वर्षांची बात तर सोडूनच द्या. शिवाय अशा बहुतेक पॅनेलमध्ये लाल, हिरव्या, निळ्या उपपिक्सेलांची रचना नेहमीसारखी नसते, तर विंडोजचे क्लिअरटाइप (अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणारी सोय) ती नेहमीसारखीच आहे असे धरून चालते. त्यामुळे काळ्या अक्षरांच्या कडांना रंगाची झाक दिसते. गेमसाठी मात्र त्याला तोड नाही, हे कबूल.

आता तपासणी. शक्य असल्यास खोके दुकानातच उघडून मॉनिटर चालू करायला सांगा आणि पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे पडदे एकेक करून पाहा. एखाद-दुसऱ्या मृत पिक्सेलसाठी बहुतेक कंपन्या वॉरंटीत पॅनेल बदलून देत नाहीत, म्हणून हे पैसे देण्यापूर्वीच झालेले बरे. ऑनलाइन घेणार असाल तर परत करण्याची मुदत आणि ‘फक्त बदलून मिळेल’ की ‘पैसे परत मिळतील’ हे आधी वाचा. काळ्या पडद्यावर कोपऱ्यांत थोडी उजळ झाक दिसेल. डोके हलवल्यावर ती बदलत असेल तर तो आयपीएसचा स्वभाव समजावा, पण जागा न सोडणारा पिवळट ठिपका असेल तर मॉनिटर परत करावा.

घरी आणल्यावर जोडणी डिस्प्लेपोर्टनेच करा. या वर्गातल्या अनेक मॉनिटरांचा एचडीएमआय २.० पोर्ट १४४० रेझोल्यूशनला १४४ हर्ट्झवरच थांबतो, आणि घरातली जुनी केबल वापरली तर त्याहूनही खाली येतो. त्यानंतर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्ड डिस्प्लेखाली जाऊन रिफ्रेश रेट स्वतः निवडा. विंडोज पुष्कळदा तो ६० वरच ठेवते, आणि १६५ हर्ट्झचा मॉनिटर वर्षभर ६० वर चालवून ‘काही फरक वाटत नाही’ म्हणणारे ग्राहक माझ्याकडे नेहमी येतात. क्लिअरटाइपची जुळणी नव्या पडद्यावर पुन्हा करून घ्या. ब्राइटनेस कारखान्यातून फार चढा येतो. पांढरे पान शेजारी धरलेल्या कागदाइतके उजळ दिसेल इतका तो उतरवा.

स्टँडकडे कोणी पाहत नाही, तुम्ही पाहा. स्वस्त मॉडेलचा स्टँड फक्त मागेपुढे कलतो, वरखाली होत नाही, आणि त्याचे पाय पसरट असल्यामुळे दोन फुटांच्या टेबलावर पडदा आणखी पुढे येतो. मागच्या बाजूस व्हेसाची (आर्म बसवण्याच्या ठरावीक मापाची) १०० × १०० मिलिमीटरची भोके आहेत याची खात्री करा, म्हणजे पुढे टेबलाला घट्ट बसवायचा आर्म घेता येईल. त्याने पडदा भिंतीपर्यंत मागे सरकवता येतो आणि खिडकीचा कवडसा टाळण्यासाठी थोडा तिरकाही करता येतो. भाऊ खेळायला बसला की त्याच्या उंचीनुसार पडदा वर घेता येईल.

वीज जात असेल तर मॉनिटरही यूपीएसवर घ्या. २७ इंची आयपीएस साधारण ३० ते ४० वॉट घेतो, त्यामुळे त्याचा भार फारसा पडत नाही. गेम चालू असताना कार्ड मात्र दीडशे वॉटच्या पुढे जाते, तेव्हा यूपीएसची क्षमता त्या हिशेबाने पाहावी.