दिवाळीत कॅम्पर मागे लावून जळगाव ते उदयपूर: न्यावा की नाही?

जळगावकर (धागा सुरू करणारा)
मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत दहा दिवस निघायचं ठरतंय. मी, बायको, दोन पोरं, आई आणि आबा. जळगाव, चोपडा, शिरपूर, मग बिजासन घाट चढून सेंधवा, इंदूर, उज्जैन, चित्तोडगड, उदयपूर. मामेभाऊ त्याचा घडीचा कॅम्पर ट्रेलर देतोय. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, बंद केला की कमरेएवढी पेटी दिसते, हँडल फिरवलं की छत वर येतं, दोन्ही बाजूंनी पलंग बाहेर सरकतात आणि भोवती जाड कॅनव्हास. रिकामा ६५० किलो, सामान भरून साडेआठशे धरा. गाडी डिझेल एसयूव्ही.

माझं मत न्यायचाच. आबांचे गुडघे गेलेत. मागच्या वर्षी एका लॉजवर तिसऱ्या मजल्यावर खोली दिली आणि लिफ्ट बंद, आबा रात्रभर गाडीत सीट पाडून झोपले आणि मी शेजारी जागा बसलो. सकाळी त्यांचे पाय सुजून टम्म झालेले. ते परत होऊ द्यायचं नाही. ह्यात दोन पायऱ्या, घरची गादी आणि घरचं जेवण.

धुळेकर
दादा, आबांचं वाचून वाईट वाटलं, पण त्यावर तळमजल्याची खोली आधी फोन करून पक्की करणं हा उपाय आहे, कॅम्पर नाही. माझा ट्रान्सपोर्टचा धंदा. बिजासन चढताना काही होणार नाही, परत येताना पळासनेरकडे उतरायचंय त्याचा विचार केला का? त्या उतारावर ब्रेक तापून चाकातून धूर निघणारे ट्रक मी स्वतः बघितलेत. तुमच्या मागे साडेआठशे किलो ढकलत असणार आणि पुढेमागे सगळे कंटेनर. गाडीच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलर ओढायची मर्यादा असते, ट्रेलरला स्वतःचा ब्रेक असेल तर वेगळी आणि नसेल तर बरीच कमी, ती वाचा आधी. आणि गाडीत सहा माणसं आहेत हे पण त्यात धरा. ट्रेलरचं वेगळं रजिस्ट्रेशन लागतं, नुसती गाडी पास असून चालत नाही.

जळगावकर
रजिस्ट्रेशन आहे. ब्रेक पण आहे, गाडी थांबायला लागली की ट्रेलर पुढे रेटतो आणि त्या रेट्यानेच त्याचा ब्रेक लागतो. घाट उतरायचा नसेल तर परत येताना खंडवा-बऱ्हाणपूर-रावेर करू.

धुळेकर
इंदूर-खंडवा रस्त्याला भेरूघाट आहे. सातपुडा, विंध्य कुठूनतरी उतरावाच लागेल.

चाळीसगावची ताई
मी पण विरोधातच, पण कारण वेगळं. रात्री लावणार कुठे ते कुणी विचारलंच नाही. आपल्या सरकारने २०२१ ला कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण तुम्ही चाललात मध्य प्रदेश-राजस्थानात, म्हणजे दहाही रात्रींच्या जागा तुम्हालाच आधी बोलून ठेवायच्या. नाहीतर कुठल्यातरी ढाब्याच्या आवारात, बाजूला ट्रक चालू, आणि बाईमाणूस कापडाच्या भिंतीत झोपणार. दुसरं म्हणजे घरचं जेवण घरचं जेवण करता, ते करणार कोण? बट्ट्या करून नेल्या तरी वरण तर रोज शिजवावं लागेल ना. वहिनींना विचारलंय का? माझी सुट्टी अशीच गेलीय एकदा, सगळे किल्ला बघायला गेले आणि मी स्टोव्हपाशी, अजून आठवलं की डोळ्यात पाणी येतं. आणि शेगडी कॅनव्हासच्या आत अजिबात लावू नका, थंडी असली तरी, आग आणि धूर दोन्ही जिवावर बेततात.

रावेरचा केळीवाला
भो, मी न्या म्हणतो, पण असं नाही. वीस वर्षं ट्रॉली ओढतोय म्हणून सांगतो. बैलगाडी भरताना आपली म्हातारी माणसं काय बघायची, गाडी उलाळ, म्हणजे मागे जड नको आणि फार धुरजड, म्हणजे पुढे जडही नको. ट्रेलरचं तेच गणित. जड सामान चाकाच्या जरा पुढे ठेवायचं, हुकवर एकूण वजनाचा दहावा हिस्सा तरी भार आला पाहिजे. मागच्या टोकाला पाण्याचे कॅन ठेवले ना, सत्तरच्या स्पीडला ट्रेलर शेपटी हलवायला लागतो आणि मग गाडीलाच ओढत नेतो. ट्रॅक्टरला हे कळत नाही कारण तो जड असतो आणि पंचवीसच्या वर जात नाही, तुमची गाडी तशी नाही. हलायला लागलाच तर ॲक्सिलरेटर सोडा, स्टेअरिंग सरळ धरा, ब्रेकवर उभे राहू नका. घाट ज्या गिअरात चढला त्याच गिअरात उतरा. आणि थांबाल तेव्हा चाकाच्या मधोमध हात लावून बघा, एक बाजू चटका देत असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक धरतोय.

रिव्हर्स मात्र सगळ्यांनाच जड जातो. हात स्टेअरिंगच्या खालच्या बाजूला धरा, ट्रेलर डावीकडे पाहिजे तर हात डावीकडे. घाई केली की गाडी-ट्रेलर दुमडून कात्री झालीच समजा, बंपर जातो.

नंदुरबारकर
एक भर. कॅनव्हास दवाने ओला असताना घडी घालावीच लागली तर त्याच संध्याकाळी उघडून वाळवा, नाहीतर बुरशी धरते आणि तो वास जात नाही. आणि चालत्या ट्रेलरमध्ये आबांना पडू द्या म्हणून कुणी सुचवलं तरी नाही म्हणजे नाही.

जळगावकर
ताई, तुमचं वाचून रात्री बायकोला विचारलं. ती म्हणाली सकाळचा चहा आणि आबांचं पथ्याचं मी बघते, बाकी जेवण बाहेर, आणि एक दिवसाआड खोली पाहिजे, तळमजल्याची. मान्य केलं. जागा आता फोन करून ठरवतोय, उज्जैन आणि उदयपूरला तीन-तीन रात्री, म्हणजे रोज उघडझाप नको. केळीवाले भाऊ, रिव्हर्सचा सराव करायला मोकळी जागा मिळेल का तुमच्याकडे?

रावेरचा केळीवाला
रविवारी या. शनिवारी माल भरून जातो, मग खळं रिकामं असतं. रात्री तिथंच कॅम्पर लावून झोपा, आबांना पण आणा, पलंगावर चढता येतं का त्यांना ते त्यांनाच ठरवू द्या. वांगी शेतातलीच आहेत, भरीत करू, चूल मी पेटवतो, वहिनींनी बसून खायचं.

धुळेकर
सराव करा, चांगलंच आहे. घाटाबद्दल माझं मत तेच आहे. रविवारी मी पण येतो, भरलेल्या ट्रेलरचं धरमकाट्यावर वजन करू, साडेआठशेच्या वर पाच किलो जरी निघालं तर सामान उतरवायला मीच हात लावेन.