आत्ताच्या गावाच्या कथा सुचवा (मोठ्याने वाचून दाखवायच्या आहेत)

ओसरी:
बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, महिनाभर वाचन बंद. रोज रात्री जेवणं झाली की मी वाचते, ते ऐकतात. व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' झाली, शंकर पाटलांची 'धिंड' झाली (हसू आवरेना, दोनदा थांबले). काल बाबा म्हणाले, "हे माझ्या लहानपणचं गाव झालं. आत्ताचं कोण लिहितंय?" मला सांगता येईना. एका बैठकीत संपेल असं सुचवा प्लीज.

माळरान:
आसाराम लोमटे, 'आलोक'. परभणीकडचं गाव, २०१६चा साहित्य अकादमी पुरस्कार. दुसरं किरण गुरव, 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी'. खेड्यातून शिकायला बाहेर पडलेला पोरगा. यालाही अकादमी, २०२१. फक्त ती एका बैठकीची अट सोडा. या कथा ऐसपैस आहेत, दोन-तीन रात्री पुरतील.

तिरकस_मास्तर:
माडगूळकरांवरून थेट लोमट्यांवर उडी? मधे भास्कर चंदनशिव आहेत की! 'लाल चिखल' वाचा आधी. टोमॅटो घेऊन बाजारात बसलेला बाप, भाव मातीमोल, आणि शेवटी तो आपलाच माल पायांखाली तुडवतो. छोटी आहे, एका बैठकीत होते.
माडगूळकर-पाटील-मिरासदार यांच्या कथाकथनानं लोकांची समजूत झाली की गावाकडची गोष्ट म्हणजे हसायची. त्यांचा दोष नाही म्हणा, पाटलांचा 'वळीव' वाचलाय कुणी?

ओसरी:
मास्तर, 'वळीव' नाही वाचला, कबूल. पण बोलीचं काय? आम्ही साताऱ्याकडचे. मराठवाडी बोली माझ्या तोंडी बसेल का?

माळरान:
मोठ्याने वाचताय ना, मग बसेल. मनात वाचताना मीही अडखळतो. प्रसाद कुमठेकरांच्या 'बारकुल्या बारकुल्या ष्टोऱ्या' घ्या, नावापासूनच बोली. पहिली दोन पानं आधी एकट्यानं वाचून ठेवा, बाबांसमोर फजिती नको.

ओसरी:
काल 'लाल चिखल' वाचली. बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "एका वर्षी कांदा मीही बांधावर ओतला होता, तू तेव्हा पाळण्यात होतीस." घरात कुणी कधी बोललंच नव्हतं. ही परत नको वाचूस म्हणाले. ष्टोऱ्या मागवल्यात, गुरुवारपर्यंत येतील.

तिरकस_मास्तर:
तोवर 'वळीव'.