जुना ट्रक बदल्यात देताना डीलरशी बोलणी कशी करावीत? मदत हवी आहे

नमस्कार. लासलगावहून वाशीच्या बाजारात कांदा वाहणारा आमचा २०१८ चा दहाचाकी ट्रक देऊन नवा घ्यायचा आहे. डीलर जुन्या गाडीला दलालापेक्षा ८० हजार रुपये जास्त देतो, परंतु मग नव्या गाडीवरील रोख सवलत मिळणार नाही आणि विमा व कर्जही त्याच्यामार्फतच घ्यावे लागेल, असे सांगतो. त्यामुळे प्रत्यक्ष फायदा किती, हे उमगत नाही. दोन्ही व्यवहारांचे स्वतंत्र लेखी कोटेशन मागणे योग्य ठरेल का?

याहून मोठी काळजी म्हणजे, फॉर्म २९ व ३० वर (वाहनाची मालकी दुसऱ्याच्या नावे करण्याचे आरटीओचे अर्ज) सह्या करून गाडी सोपवली, तरी आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) माझेच नाव असेपर्यंत अपघाताची भरपाई माझ्यावर येऊ शकते. अशा वेळी डीलरकडून नेमके काय लिहून घ्यावे? असा व्यवहार केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावे.