‘फर्स्ट प्रिन्सिपल्स’ला ‘मूलतत्त्वे’ म्हणावं का?

हरिपूरकर
पुतणी भौतिकशास्त्रात संशोधन करते. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला आमच्या वाचनालयाची छोटी पुस्तिका निघते, तिच्यात पुतणीच्या कामावर दोन पानं लिहायचं मी कबूल केलं आणि पहिल्याच ओळीला अडलो. ‘फर्स्ट-प्रिन्सिपल्स कॅल्क्युलेशन’. मी लिहिलं, ‘मूलतत्त्वांवरून केलेली आकडेमोड’. ती म्हणाली, "काका, पोरांना वाटेल लोखंड, तांबं असली मूलद्रव्यं." मला पटेना. शेजारच्या नववीतल्या मुलाला कागद दिला. त्यानं वाचलं आणि विचारलं, "म्हणजे आवर्तसारणी का?"

पंचाईत अशी की या कामात मूलद्रव्य लागतंच. सिलिकॉन घेतलं तर अणुअंक १४ सांगावा लागतो. शिवाय इलेक्ट्रॉनचं वस्तुमान, त्याचा भार, प्लांकचा स्थिरांक, म्हणजे सगळीकडे सारखेच असलेले निसर्गाचे आकडे. त्या पदार्थाची प्रयोगशाळेत मोजलेली दुसरी कुठलीही गोष्ट आत घालायची नाही. आणि तरी तो वीज वाहील का, किती कठीण असेल, कोणत्या रंगाचा दिसेल, हे काढायचं. मोजमाप उसनं न घेणं हा यातला जीव आहे. तो शब्दात कसा आणायचा?

वाईकर
‘आद्यतत्त्वाधिष्ठित गणन’ करा. ‘आद्य’ म्हटलं की मूलद्रव्याशी गल्लत होत नाही. परिभाषा संस्कृतातून घडवली की शब्दाला शब्द जोडता येतो, पुढची विशेषणं आपोआप मिळतात. आमच्या वाईतच मराठी विश्वकोश उभा राहिला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक होते, पहिला खंड १९७६ चा. ‘पुंजयामिकी’ (क्वांटम मेकॅनिक्स), ‘अर्धसंवाहक’ हे शब्द तिथं वापरले आहेत. ते तेव्हा जड वाटले असतील, आज ‘अर्धसंवाहक’ कुणाला अडतो?

लागण-खोडवा
अडतो. माझ्या पोराच्या शाळेत सगळे ‘सेमीकंडक्टर’च म्हणतात.

आमच्याकडं शब्द तयार आहे: बुडापासून. वडील हिशेबाला बसले की म्हणायचे, "मागल्या वर्साचं कायबी धरू नको, बुडापास्नं मांड." हरिपूरकर म्हणतात ते हेच की. आणखी एक सांगतो. ऊस तोडला की त्याच बुडख्याला फुटवे येतात, तो खोडवा. रान मोकळं करून नवं बेणं लावलं की ती लागण. मोजलेल्या आकड्यांवर बेतलेली आकडेमोड म्हणजे खोडवा, मागल्या पिकाच्या मुळ्यांवर उभी. ही तुमची पुतणी करते ती लागण. ‘लागणीची आकडेमोड’ म्हणा असं माझं म्हणणं नाही, पण समजावताना हे सांगाच. सांगली-साताऱ्यात पोरं चटकन धरतील.

वाईकर
समजावायला ठीक. परिभाषेत मात्र ‘बूड’ नको. शब्दाला वजन लागतं.

लागण-खोडवा
वजन वापरानं येतं. ‘बुडीत’ आणि ‘बुडापासून’ हे दोन्ही बँकेच्या सभेत मी रोज ऐकतो, तिथं कुणी हसत नाही.

मिरजेचा
मी याच विषयात काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. शब्द निवडण्याआधी आपण कशाला नाव देतोय ते बघायला हवं.

इलेक्ट्रॉन अणूत कसे असतात हे सांगणारं श्रोडिंगरचं समीकरण १९२६ चं. डिरॅकनं १९२९ मध्येच लिहून ठेवलं की रसायनशास्त्राला लागणारे नियम आता हाती आहेत, अडचण एवढीच की समीकरणं सुटण्यापलीकडची आहेत. किती पलीकडची ते बघा. लोखंडाच्या एका अणूत २६ इलेक्ट्रॉन. प्रत्येकाची जागा सांगायला ३ आकडे, म्हणजे एकूण ७८. प्रत्येक आकड्याच्या नुसत्या १० किमती धरून तरंगफलन, म्हणजे त्या समीकरणाचं उत्तर, नोंदवायचं म्हटलं तरी १ वर ७८ शून्यं इतक्या नोंदी होतात. एवढी वही जगात कुठं मिळायची? १९६४ मध्ये होहेनबर्ग आणि कोन यांनी दाखवलं की प्रत्येक इलेक्ट्रॉनचा माग काढायची गरज नाही. कोणत्या ठिकाणी इलेक्ट्रॉनांची किती दाटी आहे एवढं कळलं की स्थिर, किमान ऊर्जेच्या अवस्थेबद्दलचं सगळं त्यातच आलं. ७८ आकड्यांऐवजी ३. पुढच्या वर्षी कोन आणि शॅम यांनी ते प्रत्यक्ष सोडवायची रीत दिली. कोनना १९९८ चं नोबेल मिळालं ते रसायनशास्त्राचं, पोपल यांच्याबरोबर विभागून.

आता हरिपूरकरांच्या ‘उसनं न घेणं’ला माझी हरकत. या रीतीत इलेक्ट्रॉन एकमेकांना कसे टाळतात याचा एक हिस्सा नेमका माहीत नाही, तिथं अंदाज वापरावाच लागतो. नेहमीचा अंदाज वापरला तर सिलिकॉनचा ऊर्जापट्ट्यांमधला फट-आकडा, म्हणजे वीज वाहायला इलेक्ट्रॉनला जेवढी ऊर्जेची उडी मारावी लागते ती, साधारण ०.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (ऊर्जेचं एकक) येतो, मोजलेला आहे १.१. म्हणजे निम्म्याच्या आसपास. काही अंदाजांत तर प्रयोगाशी जुळवून घेतलेले आकडे असतात. त्यामुळे याला ‘अब इनिशिओ’, म्हणजे ‘फर्स्ट प्रिन्सिपल्स’चंच दुसरं नाव, म्हणायचं का यावर रसायनवाले आणि भौतिकवाले अजूनही भांडतात. ‘अब इनिशिओ’ हे लॅटिन, अर्थ नुसता ‘आरंभापासून’. त्यात तत्त्वही नाही आणि मूलही नाही. माझं मत ‘मुळापासूनची आकडेमोड’ला.

हरिपूरकर
‘मुळापासून’ मला आवडलं. पण मग ‘उसनं न घेता’ लिहिलेलं खोडावं लागेल का?

मिरजेचा
खोडू नका. ‘त्या पदार्थाचं मोजमाप उसनं न घेता’ असं नेमकं लिहा. अंदाज सगळ्या पदार्थांना एकच असतो, सिलिकॉनला वेगळा आणि तांब्याला वेगळा असं करत नाहीत. तिथं प्रामाणिकपणा आहे.

ओनामा
आरंभापासून म्हणजे ओनाम्यापासून. हा शब्द ‘ओ ना मा सि धं’मधला, म्हणजे ‘ॐ नमः सिद्धम्’. मुलं आधी हे गिरवत आणि मग अक्षरं. ‘ओनाम्यापासूनची आकडेमोड’ यात आरंभही आहे आणि पाटीही.

सातारा रोड
तुम्ही ‘इलेक्ट्रॉनची वागणूक’ असंही लिहिणार असाल ना? ते मला खटकतं. वागणूक माणसाची. आमची आजी सासरी गेलेल्या मुलीबद्दल विचारायची, "वागणूक कशी हाय तिची?" जनावराला खोड असते, पाण्याला चाल असते. इलेक्ट्रॉनला ‘चाल’ का नको?

वाईकर
‘चाल’ म्हणजे वेग आणि कपट, दोन्ही. शाळेच्या पुस्तकात स्पीडला चाल म्हणतात. नको. ‘वर्तन’ बरोबर.

सातारा रोड
पण पूर आला की आम्ही चाल म्हणतो तेव्हा वेगापुरतं म्हणत नाही. पाणी कुठून शिरेल, कुठं थांबेल, मागं कसं सरेल, सगळं त्यात येतं. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४५ फूट म्हणजे धोका, हे सगळ्यांना पाठ. पण म्हातारी माणसं नुसता आकडा बघत नाहीत, पाण्याचा रंग आणि चाल बघतात. त्यांचं ते ठोकताळ्यावर चालतं. ‘ठोकताळा’ हा बघा तुमच्या शब्दाचा विरुद्धार्थी, एम्पिरिकलला, म्हणजे अनुभवावर किंवा मोजमापावर बेतलेल्याला, नेमका.

मिरजेचा
ठोकताळा! हा घेतला. ‘ठोकताळे न धरता केलेली’ असं म्हटलं तर अर्थ पुरा उतरतो.

वाईकर
मूळ शब्द होकारार्थी, तुम्ही नकारार्थी करताय. असं प्रत्येकानं आपल्या गल्लीतून शब्द आणला तर परिभाषा राहणार नाही. आधीच शब्दांचं पेव फुटलंय.

हरिपूरकर
वाईकर, माफ करा, पण पेव आमच्या गावचं आहे म्हणून बोलतो. सांगलीजवळच्या हरिपूरची हळद साठवायची जमिनीतली पेवं मी आत उतरून बघितली आहेत. तोंड लहान, आत माणूस उभा राहील असं गोल, माती अशी की हळद वर्षानुवर्षं टिकायची. उघडल्यावर लगेच कुणी उतरत नसे, आजोबा आधी कंदील दोरीनं सोडून बघायचे, विझला तर थांबायचे. पेव फुटणं म्हणजे दडवून जपलेला साठा एकदम बाहेर येणं, नुसती गर्दी नव्हे. २००५ च्या महापुरात कितीतरी पेवांत पाणी शिरलं, तेव्हापासून हा वाक्प्रचार मला सहज वापरता येत नाही.

वाईकर
हे मला माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो.

लागण-खोडवा
आमच्याकडं ज्वारीचं पेव असायचं. वाड्यात मात्र बळद.

ओनामा
बळद आणि पेव एकच ना?

सातारा रोड
नाही हो. बळद घरातलं, भिंतीलगत बांधलेलं, वरून धान्य ओतायचं. पेव जमिनीतलं.

लागण-खोडवा
आमच्या वाड्यातलं बळद निम्मं जमिनीतच होतं. आईला विचारून सांगतो.

मिरजेचा
हरिपूरकर, हळदीचं निघालंच आहे तर पुस्तिकेत हे घ्या. हळदीतलं करक्युमिन निळ्या-जांभळ्या प्रकाशाला, साधारण ४२५ नॅनोमीटरच्या आसपास, सगळ्यांत जास्त शोषतं, म्हणून ती पिवळी दिसते. चुना लागला की लाल होते, कारण रेणू बदलतो आणि त्यातल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या सरकतात. हे रंग आकडेमोडीनं काढता येतात. मुलांना सिलिकॉनपेक्षा हे जवळचं.

हरिपूरकर
घेतो. पुतणीलाही विचारतो. चुन्याचा प्रयोग वाचनालयातच करून दाखवता येईल, चुना पानवाल्याकडून आणू.

सातारा रोड
हळद कांडलेली घ्या, पाकिटातली नको. आणि बळदाचं आईनं काय सांगितलं ते लिहा.