फेनिलहायड्रॅझिनच्या ॲनिमियावर गूळ तपासायचा की मॉडेलच बदलायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात एम.फार्म. करतेय, विषय फार्माकॉलॉजी. प्रोजेक्ट असा की विस्टार रॅट्समध्ये (प्रयोगशाळेतली उंदरांची एक जात) ॲनिमिया घडवून आणायचा, मग गूळ देऊन हिमोग्लोबिन वाढतं का ते बघायचं. मार्केट यार्डात गुळाला तोटा नाही, तरी मी मुद्दाम गुऱ्हाळावर जाऊन लोखंडी काहिलीतला आणलाय. लोह त्यातूनही उतरतं ना!

अडलंय ते ॲनिमिया घडवायच्या पद्धतीपाशी, म्हणजे मॉडेलपाशी. आमच्याकडे सगळे सीनियर फेनिलहायड्रॅझिन हे तांबड्या पेशी फोडणारं रसायनच वापरतात. स्वस्त आहे, वजनाच्या किलोला ४० ते ६० मिग्रॅ दोन दिवस टोचलं की काम झालं. पायलटमध्ये बघितलं, कान पांढरेफटक, लघवी गडद, स्मिअरमध्ये (काचपट्टीवर पसरलेल्या रक्तात) पेशींच्या कडेला हाइन्झ बॉडीजचे, म्हणजे बिघडलेल्या हिमोग्लोबिनच्या गुठळ्यांचे ठिपके, प्लीहा फुगलेली. पण इथे तांबड्या पेशी फुटतात, त्यांतलं लोह शरीरातच राहतं. मग वरून गुळातलं लोह देऊन काय साधणार? शिवाय काहीही न दिलेला गटसुद्धा दोनेक आठवड्यांत आपोआप सावरतो. बऱ्याच पेपरांत 'उपचारापूर्वी आणि नंतर' एवढीच तुलना करून टाळ्या घेतल्यात, ते मला पटत नाही.

संशोधक व्हिपल यांनी कुत्र्यांचं रक्त काढून ॲनिमिया केला होता, लिव्हर खायला घातल्यावर रक्त झपाट्याने भरून आलं. ते बघून मायनट आणि मर्फी यांनी पर्निशियस ॲनिमियाच्या (बी-१२ शोषलं न गेल्याने होणाऱ्या) रुग्णांना लिव्हर दिलं, १९३४ चं नोबेल तिघांना मिळालं. पुढे कळलं की कुत्र्यांना लागू पडलं ते लिव्हरमधलं लोह, रुग्णांना बी-१२. म्हणजे ॲनिमिया कशाने झालाय त्यावर उपाय ठरतो, म्हणून घाईने फेनिलहायड्रॅझिनचं इंजेक्शन भरायला हात धजत नाही.

माझ्या मते दूध तुटलेल्या पिल्लांना कमी लोहाचं खाद्य देणं बरं, सोबत तुलनेसाठी फेरस सल्फेट (लोहाचं नेहमीचं औषध) दिलेला गट. सर म्हणतात वेळ जाईल. कुणी हे केलंय का? पिंजऱ्याच्या गंजातून आणि पाण्यातून येणारं लोह कसं रोखलंत? पिल्लं स्वतःची लेंडी खातात, त्यातून लोह परत पोटात जातं, त्याचं काय? खाद्य तयार मिळतं की लॅबमध्येच बनवलंत? आणि ॲनिमल एथिक्स कमिटीची मंजुरी फेनिलहायड्रॅझिनच्या प्रोटोकॉलला आहे, मग दुरुस्ती चालते की अर्ज नव्याने? 'रिझल्ट येतातच, काळजी नको' हे उत्तर सीनियरांकडून मिळालंय, ते सोडून सांगा.