विषय: थायलंड की व्हिएतनाम? (डिसेंबर, आठ माणसं, चार दुखरे गुडघे)

पुंगोलकर, सोमवार रात्री

नमस्कार मंडळी,

एरवी मी मंडळाच्या या यादीवर नुसती वाचते, पण आता घरातली शांतता धोक्यात आली आहे म्हणून लिहितेय.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सहा रात्री समुद्रकिनारी जायचं आहे. आम्ही दोघं आणि दोन मुलं (वय ६ आणि ११) इथून, सिंगापूरहून. सासू-सासरे, दीर आणि जाऊ पुण्याहून. सगळ्यांचे पासपोर्ट भारतीय. सासू-सासरे दोघांचेही गुडघे कुरकुरतात. सासरे माळकरी, आणि सासूबाई गुहागरच्या, त्यांना समुद्राजवळ जाऊन मासे नाहीत म्हटलं तर सहल कशाला, असं त्या विचारतील. विचारलंच आहे.

जावेने रील बघून व्हिएतनाम ठरवलंय. डा नांग, तो दोन दगडी दिसणाऱ्या हातांवर तोललेला सोनेरी पूल, आणि उरलेले दिवस बीच. माझ्या नवऱ्याने थायलंड ठरवलंय. को समुई, कारण हॉटेल चक्क निम्म्या भावात दिसतंय. पंधरा दिवस झाले, घरच्या ग्रुपवर दोघं एकमेकांना हॉटेलांचे फोटो फेकून मारताहेत. ज्यांनी दोन्ही पाहिलंय त्यांनी कृपया सांगा: कुठला देश?

सेंगकांगकर, सोमवार रात्री

ताई, दोन्ही सोडा, टिओमान! मर्सिंगहून फेरी, स्वस्त आणि मस्त. आम्ही ऑगस्टमध्ये गेलो होतो, पाणी काचेसारखं.

बेडोककर काका, मंगळवार सकाळी

सेंगकांगकर, ऑगस्टमध्ये गेलास म्हणून काच दिसली. डिसेंबरात मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्र एवढा खवळतो की टिओमान, रेडांग, पेरेन्तियान इथली बरीचशी हॉटेलं कुलूप लावून बसतात.

आता पुंगोलकर. तुमच्याकडचे दोन्ही बेत चुकलेत. देशात काही वावगं नाही, किनारे चुकलेत. देशांच्या नावाने भांडण्याआधी एवढंच विचारायचं, की त्या महिन्यात वारा कुठून येतो.

आपल्याकडे जूनमध्ये काय होतं? नैर्ऋत्येचा वारा सह्याद्रीवर आपटतो, गुहागर-चिपळूण चिंब, आणि घाट ओलांडून गेलं की माण-फलटण कोरडंठाक. इथे डिसेंबरात तोच खेळ उलट्या दिशेने चालतो. वारा ईशान्येचा. दक्षिण चीन समुद्रावरून येताना ओल पिऊन येतो आणि व्हिएतनामच्या पाठीशी उभ्या असलेल्या त्रुओंग सोन डोंगरांवर आपटतो. डा नांग, होई आन आणि खाली न्या त्रांग हे सगळं त्या डोंगरांच्या समुद्राकडच्या अंगाला, म्हणजे आपल्या हिशेबाने ऐन पावसाळ्यातलं कोकण. होई आनच्या जुन्या पेठेत ऑक्टोबर-नोव्हेंबरला थू बोन नदी घुसते, तेव्हा लोक रस्त्यातून होड्या वल्हवतात. डिसेंबरात जोर कमी होतो, पण आभाळ मोकळं मिळेल असं धरून चालू नये. तो पूल तर डोंगरावर आहे, धुक्यात तुम्हाला हात दिसेल, पूल दिसेलच असं नाही.

को समुईची गत तीच. ते थायलंडच्या आखातात, पूर्वेच्या वाऱ्याला उघडं. तिथला सगळ्यात ओला महिना नोव्हेंबर, आणि त्याचं शेपूट डिसेंबरात लोंबत असतं. हॉटेल निम्म्या भावात का, हे आता यजमानांच्या लक्षात आलं असेल.

द्वीपकल्पाच्या पश्चिमेला, अंदमान समुद्रावर मात्र डिसेंबर म्हणजे माणदेश. फुकेत, क्राबी, खाओ लाक, को लांता. आणि व्हिएतनामच हवं असेल तर फू क्वोक. नकाशावर बघ, ते बेट नावाला व्हिएतनामचं, कंबोडियाला पार खेटून आहे. नोव्हेंबर ते एप्रिल कोरडं. म्हणजे जावेला व्हिएतनाम मिळू शकतं, नवऱ्याला थायलंड, फक्त दोघांनी नकाशावर डावीकडे सरकायचं.

(हाच प्रश्न जूनच्या सुट्टीसाठी विचारला असतास तर उत्तर बरोब्बर उलटं. तेव्हा डा नांग, समुई चालतात, आणि फुकेतला किनाऱ्यावर लाल बावटे लागतात. सिमिलान बेटं तर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच ठेवतात. लाल बावटा असताना ‘आम्ही कोकणातले’ म्हणून पाण्यात उतरायचं नाही. तिथे पाणी आत ओढतं.)

हे शहाणपण मला कोणी शिकवलं म्हणशील, तर न्या त्रांगने. बत्तीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेला माणूस मी, वाऱ्यांचं वेळापत्रक पाठ. आणि निवृत्तीनंतर पहिली सहल बायकोला विचारून, स्वस्त तिकीट बघून, नोव्हेंबरात न्या त्रांगला काढली. चार दिवस समुद्र चहाच्या रंगाचा. हॉटेलच्या लॉबीत बसून आम्ही नागपूरच्या एका जोडप्याबरोबर मेंढीकोट खेळलो. बायको अजून ‘समुद्र’ शब्द निघाला की ‘कुठला, चहाचा का?’ विचारते.

गुडघ्यांबद्दल. क्राबीजवळच्या रेले किनाऱ्याचे फोटो तुम्हाला कोणीतरी दाखवेलच, उभे चुनखडीचे कडे आणि खाली पांढरी वाळू. सुंदर आहे, वाद नाही. पण कड्यांमुळे तिथे रस्ताच नाही, आओ नांगहून लांब शेपटीच्या होडीने जावं लागतं. होडीला गाडीचं जुनं इंजिन बसवलेलं, त्याला लांब दांडा, दांड्याच्या टोकाला पंखा. आम्ही चढलो तिथे धक्का वगैरे नव्हता. किनाऱ्यापासून मांडीभर पाण्यात चालत जायचं, होडी वर-खाली होतेय, नाकाडाशी चार पायऱ्यांची शिडी लोंबतेय, ती लाट खाली गेली की पकडायची. आमच्या हिने एका हातात चपला, एका हातात पर्स धरली होती, मग शिडी कशाने धरणार? शेवटी होडीवाल्या पोराने तिला काखेत हात घालून पोतं चढवावं तशी वर घेतली. ती पाच मिनिटं हसत होती, पण तिचे गुडघे शाबूत आहेत. तुमच्या सासऱ्यांना हे करायला लावू नका.

तेव्हा एकाच हॉटेलात सहा रात्री. आठ माणसं, त्यात मुलं आणि म्हातारे, बेटामागून बेट करत फिरलात तर अर्धी सहल बॅगा मोजण्यात जाते.

जुराँगकर (कार्यकारिणी), मंगळवार दुपारी

विषयांतराबद्दल क्षमस्व. कोजागिरीला मसाला दूध आटवलेलं मंडळाचं मोठं पातेलं कोणाकडे आहे? झाकण माझ्याकडे आहे. नुसतं झाकण.

टॅम्पिनीसकर, मंगळवार संध्याकाळी

काकांचं वाऱ्याचं गणित पटलं, पण फुकेतचं नाव ऐकलं की मला पटोंगचा रस्ता आठवतो. बार, कर्णे, मसाजची पत्रकं हातात कोंबणारे लोक, आणि जेट-स्की भाड्याने घेतली की परत देताना ‘हा ओरखडा तुम्हीच पाडला’ म्हणून पैसे मागणारा. आमच्याकडून मागितले. आम्ही आधी फोटो काढून ठेवले होते म्हणून सुटलो.

आम्ही जानेवारीत फू क्वोकला होतो. पश्चिमेचा लाँग बीच नावाप्रमाणे लांबच लांब, वाळू सपाट, संध्याकाळी सूर्य समुद्रात बुडतो (व्हिएतनाममध्ये हे दृश्य तसं दुर्मिळ, बाकी बहुतेक किनारा पूर्वेचा). दक्षिणेकडून होन थोम बेटावर रोपवे जातो, जवळजवळ आठ किलोमीटर, खाली कोळ्यांच्या निळ्या होड्या खेळण्यासारख्या दिसतात. आजी-आजोबांना एवढं बसल्या जागी बघायला मिळतं हे काय कमी? मिरीच्या बागा आहेत. मी मात्र इटलीच्या धर्तीवर बांधलेल्या रिकाम्या चौकांमधून फिरताना जरा उदास झालो. घरं रंगवलेली, गॅलऱ्यांत माणूस नाही.

एक सावधानतेची सूचना: तिथली वीस हजार डाँगची नोट आणि पाच लाखांची नोट, दोन्ही निळ्या. मी शहाळ्याला पाच लाखांची दिली होती. शहाळेवालीने परत केली आणि माझ्याकडे बघून मान हलवली, तशी आई हलवते.

क्लेमेंटीकर ताई, मंगळवार रात्री

माळकऱ्यांचं कोणी बोललंच नाही, म्हणून मी.

दोन्ही देशांत मूळ अडचण एकच, मासळीचा सॉस. थायलंडला नाम प्ला, व्हिएतनामला नुक माम. भाजीतही पडतो, आणि वाढणाऱ्याला तो मांसाहार वाटतच नाही, आपल्याला मीठ वाटतं तसं. त्यात फू क्वोक म्हणजे नुक मामचं माहेरघर, कारखान्यांत लाकडी पिंपं पुरुषभर उंचीची. सासऱ्यांना त्या बाजूने नेऊ नका, वासाने जेवण जाईल.

थायलंडमध्ये शब्द आहे ‘जे’. पिवळ्या पाटीवर लाल अक्षर असतं, ते मोबाइलमध्ये ठेवा. जे म्हणजे मांस-मासे नाहीतच, शिवाय कांदा-लसूणही नाही, त्यामुळे माळकऱ्यांना बिनधास्त. व्हिएतनाममध्ये ‘चाय’. हे ऐकून चहा मागवू नका. तिथले बरेच बौद्ध लोक पौर्णिमा-अमावास्येला चाय पाळतात, म्हणून अशा खानावळी गावोगाव असतात. पण बेटावरच्या बीचसमोरच्या हॉटेलांत नाही, आत बाजारात शोधाव्या लागतात. फुकेतला पंजाबी हॉटेलं पायलीला पन्नास आहेत. डाळ जरा गोड लागते, इलाज नाही.

व्हिसा: थायलंडने जुलै २०२४ मध्ये भारतीय पासपोर्टला साठ दिवस बिनव्हिसा केलं होतं. पण हे नियम तिथलं सरकार बदलत असतं, तिकिटाआधी बघून घ्या. विमानात भरायचं ते कागदी कार्ड आधीच गेलं, मे २०२५ पासून पोचायच्या आधी तीन दिवसांत ऑनलाइन कार्ड भरायचं. फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नव्हे. फू क्वोकला थेट उतरलं तर तीस दिवस व्हिसा लागत नाही, पण पुण्याची मंडळी हो ची मिन्ह सिटीवरून बदलून जाणार असतील तर पंचवीस डॉलरचा ई-व्हिसा काढलेला बरा. नाव पासपोर्टवर आहे तस्सं टाका. मी एकदा जन्मतारखेत महिना आणि दिवस उलटे टाकले आणि पंचवीस डॉलर समुद्रात गेले.

आणि दिरांना सांगा, स्कूटरचा मोह नको. भारतातून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना रस्तेवाहतुकीच्या १९४९च्या करारातला, व्हिएतनाम १९६८च्या करारातलाच मानतो. पडलात तर विमावाले पहिल्यांदा तेच विचारतात.

बेडोककर काका, बुधवार सकाळी

टॅम्पिनीसकर, पटोंग म्हणजे फुकेत नव्हे. कांदिवलीच्या माणसाने मुंबई म्हणजे दादर स्टेशन म्हणावं तसं झालं. खाली काटा आहे, नाय हार्न आहे. काटाला वाळूची उतरण हळुवार, मुलं कमरेएवढ्या पाण्यात खेळू शकतात. फक्त राहायला रावाईला बसू नका. तिथे ओहोटीला पाणी लांब जातं आणि चिखल-खडक उघडे पडतात. पण रावाईला एकदा जाच, कारण सासूबाई. तिथे समुद्रावरच्या जमातीचे लोक पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करतात. त्यांच्या टोपलीतून मासा निवडायचा, तोलून घ्यायचा, समोरच्या खानावळीत द्यायचा, ते शिजवून देतात, शिजवण्याचे पैसे वेगळे.

अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं हे सासूबाईंना सांगायला नको. त्या बाजूला भरती-ओहोटीत दोन-अडीच मीटरचा फरक पडतो, आपल्या कोकणासारखाच. आखातात एवढा नाही.

पुंगोलकर, शुक्रवार रात्री

मंडळी, मनापासून आभार.

काकांचं वाऱ्याचं पत्र मी जसंच्या तसं घरच्या ग्रुपवर टाकलं. नवरा दहा मिनिटं गप्प होता, मग ‘समुई मी नुसतं सुचवलं होतं’ म्हणाला. जाऊ चिडली, पण तिला फू क्वोकचा रोपवे आवडला. तेव्हा मतदान झालं, चार विरुद्ध तीन, मुलांना एकच मत मिळून. थायलंड. फुकेत, काटा, सहा रात्री, एकच हॉटेल, तळमजल्यावरच्या खोल्या. जावेला पुढच्या मार्चमध्ये डा नांगचा शब्द दिलाय, तेव्हा तिथला पावसाळा सरलेला असतो असं आता मीच तिला सांगितलं.

हे सगळं होईपर्यंत सासूबाई फोनवर नुसत्या ऐकत होत्या. शेवटी त्यांनी दोनच प्रश्न विचारले. पहिला, आपल्या बाल्कनीतून भरती दिसेल ना. दुसरा, ती रावाईची खानावळवाली आपला मसाला वापरू देईल का. कारण ‘त्या पातीच्या चहाच्या वासात सुरमई बुडवलेली मला चालायची नाही’. लेमनग्रास म्हणायचं होतं त्यांना. त्यांनी आजच कोकम वाळवलेलं डब्यात भरायला काढलंय. ते न्यायला चालतं का, कोणाला खात्रीने माहीत असेल तर लिहा.

ता.क. जुराँगकर, पातेलं आमच्याकडे आहे. मुलांनी त्यात गाड्या ठेवल्या होत्या, घासून रविवारी आणून देते.