अमेरिकन सोल गायक ओटिस रेडिंगचं चरित्र कुणी वाचलंय का?

फोंडेकर: अर्धं झालं, पण सगळं तो जिथे रेकॉर्डिंग करायचा त्या स्टॅक्स स्टुडिओवरच चाललंय, पुढे वाचू की सोडू?

मडगावची वाचक: सोडू नका हो! तो स्टुडिओ म्हणजे मेम्फिसमधलं जुनं थिएटर, उतरती जमीन तशीच, आणि वर्णभेदाच्या त्या काळात तिथे गोरे-काळे वादक एकत्र वाजवतायत, हे कळल्याशिवाय ओटिसचा आवाज कळतच नाही. १० डिसेंबर १९६७ ला विमान तळ्यात कोसळलं, फक्त २६ वर्षांचा होता, खूप वाईट वाटतं.

पणजीकर: +१. ब्रास नीट ऐका, कोरसच्या जागी ट्रम्पेट-सॅक्सच उत्तर देतात, गोव्याचे संगीतकार ख्रिस पेरी ऐकत वाढलेल्या आपल्या लोकांना ते लगेच भिडतं.

फोंडेकर: मग वाचतोच. नंतर कुणाला हवंय? शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात येतो, घेऊन येईन.